आधी मीटर, मग माळवद

हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना
वैशाख



तुझा मेसेज मिळाला. "आजोबा, ३ किलोवॅट घ्यायचं की ५?" एवढाच प्रश्न आणि त्याखाली तीन एजन्सींची कोटेशनं. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तू आता जालन्याला पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकल शिकतेस आणि मी आयुष्यभर विज्ञान शिकवलेला मास्तर. तेव्हा वही घेऊन बसलोय.

कोटेशनं चष्मा लावून वाचली. पॅनेल किती वॅटचं, सांगाडा किती फूट उंच, हमी किती वर्षांची, सगळं आहे. आपल्या घराबद्दल मात्र त्यांत एक ओळ नाही. पंखे किती, मोटर कधी चालते, तुझी आजी कपड्यांचं मशीन सकाळी लावते की संध्याकाळी, हे कुणी विचारलेलंच नाही. मापं न घेता शिवलेले कपडे कोण घालतं? म्हणून ती कोटेशनं मी तूर्तास बाजूला ठेवलीत.

सुट्टीत आलीस की पहिलं काम मीटरचं. सूर्य उगवताना आकडा लिहायचा, मावळताना पुन्हा लिहायचा. पंधरा दिवस असं केलंस की दिवसाचा वापर आणि रात्रीचा वापर वेगळा होईल. बिलाच्या कागदावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, ते कामाचे आहेतच. पण ती सगळी एकगठ्ठा बेरीज. उन्हाची वीज येते ती सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत, आणि आपलं घर जागं होतं ते पहाटे आणि दिवेलागणीला. या दोन वेळांतली फट किती, ते फक्त मीटर सांगतो.

मग एकेका यंत्रामागे लाग. माणूस आवाजावरून अंदाज बांधतो आणि तिथंच फसतो. मिक्सर गल्लीला ऐकू जातो, पण ७५० वॅटचा मिक्सर दहा मिनिटं फिरला तर युनिटचा आठवा हिस्साच खातो. न्हाणीतली पाणी तापवायची काठी मात्र मुक्यानं अर्ध्या तासात पाऊण युनिट गिळते. २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट पुरा. फ्रीज तर रात्रंदिवस असतोच. त्याच्या दारावर जे ताऱ्यांचं लेबल आहे, त्यावर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. लोक तारे मोजतात आणि आकडा सोडून देतात. तू आकडा वाच. ताऱ्यांचा निकष अधूनमधून कडक होतो, त्यामुळे जुन्या फ्रीजचे पाच तारे आजच्या पाचांच्या बरोबरीचे नसतात.

आता पंख्यांचा हिशेब. आपल्याकडे चार पंखे, सगळे जुने, प्रत्येकी साधारण ७५ वॅटचे. उन्हाळ्यात दिवसाला दहा तास धरले तर चौघांचे मिळून रोजचे ३ युनिट, महिन्याचे ९०. बीएलडीसी मोटरचे नवे पंखे ३० वॅटच्या आसपास घेतात आणि वारा तेवढाच देतात. म्हणजे महिन्याचे ३६. वाचले ५४ युनिट. छतावरचं १ किलोवॅट पॅनेल आपल्या भागात महिन्याला सरासरी १२० युनिट देतं असं धरतात. म्हणजे चार पंखे बदलले की जवळजवळ अर्ध्या किलोवॅटचं पॅनेल न बसवताच बसलं. पंखे दहा-बारा हजारांत येतील. तेवढ्यात अर्धा किलोवॅट सोलर कुणी देत असेल तर मला नाव कळव.

बिलाची टप्प्यांची रीतही ध्यानात ठेव. पहिल्या १०० युनिटचा दर कमी, १०१ ते ३०० चा त्याहून बराच चढा, पुढे आणखी चढत जातो. वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतं. म्हणून तुझ्या प्रश्नावर माझं पहिलं उत्तर असं की आधी पंखे आण.

आता छताकडे ये. आपलं गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २० अंशांवर. २० मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच गडप होते. शाळेत असताना मी पोरांना पटांगणात नेऊन हे दाखवायचो. ढग नसतील तर या वर्षी तूही बघ. उरलेलं बहुतेक वर्ष मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि उतार अक्षांशाएवढा, म्हणजे विसेक अंश. कोटेशनवाल्यांपैकी एकानं "पूर्वेकडे बसवू, तिकडे जागा मोकळी आहे" असं लिहिलंय. पूर्वेकडेही चालतं, फक्त सकाळी जास्त आणि दुपारनंतर कमी मिळतं आणि वर्षाची बेरीज घटते. तसं करायचं असेल तर समजून-सवरून करावं, जागेचं कारण पुढं करून उरकू नये.

लोकांना वाटतं, आपल्याकडे उन्हाळा एवढा कडक, तर मे महिन्यात वीज धो-धो येणार. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. सिलिकॉनचा सेल २५ अंशांच्या वर तापला की प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घटतं. बाहेर ४२ अंश असताना काचेखालचा सेल ६५ च्या घरात जातो, म्हणजे त्या घडीला पंधरा टक्क्यांच्या आसपास तोटा. म्हणून सांगाडा छतापासून उंच असावा, खालून वारा खेळावा. पत्र्याला चिकटवून बसवलेली पॅनेलं भाजून निघतात. फेब्रुवारी-मार्चमधलं स्वच्छ, कोवळं-कडक ऊन पॅनेलला जास्त मानवतं. पावसाळ्यात महिन्याचं उत्पादन उतरणार, ते धरूनच चालायचं.

माळवदाचा विचार सोडून दे. आजीला वाटतं, जुन्या वाड्याचं माळवद मोकळंच पडलंय, तिथं लावा. ५४० वॅटचं एक पॅनेल सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडं कमी रुंद आणि अठ्ठावीस किलोच्या आसपास वजनाचं असतं. वजनाचं एवढं भय नाही, वाऱ्याचं आहे. वळवाच्या वावटळीत सांगाडा उचलला जाऊ नये म्हणून पाय काँक्रीटमध्ये रोवावे लागतात. लाकडी तुळया, किलचानं आणि पांढऱ्या मातीचा थर यांत काय रोवणार? पॅनेल तुझ्या बाबानं बांधलेल्या दोन खोल्यांच्या स्लॅबवरच. तिथं सांडग्या-कुरडयांची जागा जाईल म्हणून आजी कुरकुर करेल. सांगाडा उंच घेतला की तिची बाजही खाली मावेल, एवढं तिला समजावून सांग. माझं ती ऐकत नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. तुझी आजी, शेजारचे, आणि मला वाटतं तुझा बाबासुद्धा, सगळ्यांना वाटतं की सोलर बसलं म्हणजे लाइट गेली तरी घर चालू. सरकारी अनुदानातून घरांवर बसतात त्यांतली बहुतेक यंत्रणा ग्रिडला जोडलेली असते. भरदुपारी ऊन असो, तारेतली वीज गेली की तिचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो. भजनात टाळकरी पखवाजाच्या ठेक्यावर चालतो, तसा हा इन्व्हर्टर तारेतल्या ५० सायकलच्या ठेक्यावर चालतो. ठेका थांबला की तो थांबतो. दुसरं कारण जिवाचं आहे. डीपीवरून लाइन बंद करून वायरमन खांबावर चढलेला असतो. गावातल्या पाचपंचवीस छतांवरून वीज उलटी तारेत आली तर तो खांबावरच संपेल. म्हणून हे बंद पडणं दोष नाही, ते असायलाच हवं. विकणारे मात्र हे आधी सांगत नाहीत आणि पहिल्याच लोडशेडिंगला घरात भांडण होतं.

मग लाइट गेल्यावर काय? एक वाट हायब्रीड इन्व्हर्टर आणि लिथियमची मोठी बॅटरी, खर्च बराच. दुसरी वाट आपल्या घरात आधीच आहे. कोपऱ्यातला जुना इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची बॅटरी. १२ व्होल्टनं गुणलंस तर १.८ युनिट होतात, पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणून हाती ०.९ युनिट धर. तीन बीएलडीसी पंखे ९० वॅट, नऊ-नऊ वॅटचे चार दिवे ३६ वॅट. सात तासांना साधारण तेवढंच लागतं. अख्खी रात्र निघाली! तेच जुने पंखे असते तर बॅटरी मध्यरात्रीच मान टाकते. बघ, पंख्यांचा मुद्दा पुन्हा आला. सोलर बिलासाठी, बॅटरी अंधारासाठी. दोन्ही एकमेकांत गुंतवायची आपल्याला गरज नाही. फक्त फ्रीज आणि बोअरची मोटर त्या बॅटरीवर कुणी टाकू नये. मोटर सुरू होताना चालत्या भाराच्या पाच-सहा पट करंट ओढते, हे तुला आता वर्गात शिकवलं असेल.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण ते तू पोर्टलवरही वाचशील. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं प्रधानमंत्री सूर्यघर योजना आणली, देशातल्या एक कोटी घरांसाठी. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि तिथं अनुदान ७८,००० वर थांबतं. ५ किलोवॅट घेतलंस तरी तेवढंच. देशात बनलेल्या सेलचीच पॅनेलं घ्यावी लागतात. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी राज्यानं १ किलोवॅटची वेगळी जोड दिलीय. तिची माहिती वस्तीत नीट पोचलेली नाही, तेव्हा तुझ्या मैत्रिणींच्या घरी जाऊन सांग. आणि "बिल शून्य" या शब्दांवर कुणी नाचू नये. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. दुपारी तारेत सोडलेली जादा वीज रात्रीच्या वापरातून वजा होते, ही नेट मीटरिंगची सोय चांगली आहे. पण वर्षाअखेर उरलेल्या युनिटला जो भाव मिळतो तो आपण मोजतो त्यापेक्षा फारच कमी. नियमही बदलत राहतात. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा लावून वीज विकण्याचं स्वप्न कुणी दाखवलं तर चहा पाजून त्याला वाटेला लाव.

याच कारणानं कामं उन्हाच्या वेळेला सरकवणं शहाणपणाचं. कपड्यांचं मशीन, इस्त्री, बोअरची मोटर, घरगुती चक्की, उद्या तू स्कूटी विजेची घेशील तर तिचं चार्जिंग, हे सगळं अकरा ते तीनमध्ये बसतं. नियम कसेही बदलले तरी जी वीज घरातच वापरली ती कुणाच्या दरावर अवलंबून नसते. बायकांच्या कामाचं वेळापत्रक मात्र पुरुषांनी बसल्या जागी ठरवू नये. आजी मशीन पहाटे लावते कारण नळाला पाणी पहाटे येतं. टाकी मोठी केल्याशिवाय तिला "दुपारी लावत जा" म्हणणं म्हणजे फुकटचं शहाणपण.

विजेच्या वेळेचा विषय निघालाच आहे, तर तुला रात्री दारं धरण्याची, म्हणजे पिकाला पाणी देण्याची, गोष्ट ठाऊक नाही, आणि ती ठाऊक असायला हवी. शेतीला थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. थंडीत रात्री दोनला लाइट यायची, माणसं बॅटरी घेऊन रानात, पायाखाली पाणी आणि पाण्यात काय असेल त्याचा नेम नाही. सगळ्यांच्या मोटरींना ऑटो स्टार्टर लावलेला. लाइट आली रे आली की साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदमच उठायच्या आणि डीपी जळायची. मग आठ-आठ दिवस वर्गणी, ट्रॅक्टर, खेटे. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, त्या सुमाराची आणि पुढची काही वर्षं खेड्यापाड्यांत भारनियमनाचीच होती. तेव्हा अक्षय प्रकाश नावाची योजना आली होती. संध्याकाळच्या वेळी गावानं मिळून मोटरी आणि गिरण्या बंद ठेवायच्या, फक्त दिवे, पंखे, टीव्ही चालवायचे, बदल्यात गावठाणाची लाइट जाणार नाही. काही गावांनी ती नेकीनं पाळली. मला आजही वाटतं, विजेच्या बाबतीत गावानं एकत्र येऊन केलेला तो शहाणा करार होता. त्यासाठी यंत्र काहीच लागलं नव्हतं.

२०१५ च्या दुष्काळात तर परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं, का, तर पाणी नाही. कोळसा जाळून वीज करायलाही पाणी लागतं, हे मराठवाड्याला तेव्हा कळलं. पॅनेलला पाणी लागतं ते काच पुसण्यापुरतं.

आता शिवारात फिरलीस तर सौर पॅनेलच्या निळ्या पाट्याच पाट्या दिसतील. मागेल त्याला सौर कृषीपंप योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढं साडेसात. २०२५ च्या अखेरीला एका महिन्यात ४५,९११ सौरपंप बसवल्याबद्दल महाराष्ट्राची गिनेसमध्ये नोंद झाली, आणि या योजनेत आपला जालना जिल्हा राज्यात पुढच्या रांगेत आहे. रात्रीची दारं बऱ्याच घरांची सुटली, ही मोठीच गोष्ट. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला गावाशेजारीच ३ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारून शेतीचा फीडर दिवसा चालवला, तो दुसरा मार्ग. तिथं शेतकऱ्याला स्वतःच्या रानात पाट्या सांभाळाव्या लागत नाहीत. मला तो मार्ग जास्त पटतो, पण आपल्याकडे पाट्या आल्यात, तर त्यांचं बोलू.

५ अश्वशक्तीच्या पंपाला जवळजवळ ५ किलोवॅटची पॅनेलं असतात. म्हणजे तू घरासाठी ज्यावर घासाघीस करतेयस त्याच्या तोडीची यंत्रणा आपल्याच वावरात उभी आहे! ती वर्षातून किती दिवस चालते? पावसाळ्यात पाणी द्यायचं नसतं. वैशाखात विहीर तळ गाठते, तेव्हा द्यायला पाणी नसतं. ऊन सगळ्यात जास्त, आणि पाट्या रिकाम्या. त्याच पाट्यांवर कडबा कुट्टी, पिठाची चक्की किंवा मिरचीचं कांडप यंत्र चालवता येतं. त्यासाठी वेगळा कंट्रोलर असतो, युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर म्हणतात, आणि केंद्राच्या कुसुम योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत त्याची तरतूदही आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात आपल्या तालुक्याची मिरची गाड्या भरभरून परराज्यांत जाते, आणि तिखट आपण पुडीतलं आणतो. तुला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावा लागेलच. एलईडी लुकलुकवणारं काहीतरी करण्यापेक्षा हे कर. मात्र पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. कुणा उत्साही पोरानं वायर तोडून चक्की जोडली तर दोन्ही जातील. परवानगी घेऊन, कागदावर उतरवून करायचं.

आणि ऐक, उन्हाची प्रत्येक गोष्ट विजेतून गेलीच पाहिजे असं नाही. इंजिनिअर पोरांना याचा विसर पडतो. १८३९ मध्ये बेकेरेल या फ्रेंच माणसाला उजेडातून वीज उमटताना दिसली. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं सिलिकॉनचा पहिला कामाचा सेल केला, तेव्हा तो उन्हातला ६ टक्के हिस्सा विजेत बदलायचा. आज चांगलं पॅनेल वीसच्या वर देतं. पण ती वीज घेऊन पुन्हा पाणीच तापवायचं असेल तर छतावरचा साधा सोलर वॉटर हीटर त्याच उन्हातला कितीतरी जास्त वाटा थेट पाण्यात उतरवतो. गीझरसाठी पॅनेल वाढवणं मला उधळपट्टी वाटते.

वाळवणाचंही तेच. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात काम करणाऱ्या एस फॉर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीनं, वैभव तिडके, निधी पंत आणि त्यांच्या मित्रांनी, विजेशिवाय चालणारं सौर वाळवण यंत्र केलं. गावातल्या बायका कांदा, आलं, टोमॅटो त्यात वाळवून कंपनीला देतात. २०२३ मध्ये त्यांना अर्थशॉट पारितोषिक मिळालं. आजीच्या कुरडयांशी त्याचं नातं सरळ आहे. फरक एवढाच की झाकणाखाली धूळ बसत नाही, रंग टिकतो आणि मालाला भाव येतो. आजीला हे यंत्र दाखव. सोलर पॅनेलपेक्षा तिला यातलं जास्त कळेल आणि ती चार चुका काढेल, त्या लिहून घे.

चुलीचा प्रश्न पॅनेलनं सुटत नाही. इंडक्शन शेगडी दीड-दोन किलोवॅट ओढते, आणि भाकरी सकाळ-संध्याकाळ होते, उन्हात नाही. तिथं पुण्याच्या 'आरती' (ARTI) या संस्थेनं केलेलं काम बघ. महर्षी कर्व्यांचे नातू डॉ. आनंद कर्वे यांनी उभारलेली ती संस्था. उरलंसुरलं अन्न, खराब पीठ यांवर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र त्यांनी केलं. शेणापेक्षा पिठूळ खाद्य जंतू पटकन पचवतात, म्हणून टाकी छोटी पुरते. २००६ मध्ये त्याला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. आपल्या गोठ्यात आता दोनच जनावरं, शेणावरचा जुना गोबरगॅस काही फिरून येत नाही. हे छोटं कदाचित जमेल.

आता तुझ्या धंद्याचं, कारण शिकून तू पुण्यालाच पळणार असशील तरी एकदा विचार कर. पंप बसवणारे आले आणि गेले. दुरुस्तीला फोन केला की "नोंद झाली" असं उत्तर येतं आणि पीक वाळतं. तालुक्यात पाट्या हजारांत झाल्या, त्या तपासू शकणारं माणूस बोटांवर मोजण्याइतकं. क्लॅम्प मीटर हातात धरता येणारी, अर्थिंग मोजता येणारी पोरगी या भागात उपाशी राहणार नाही. पोरीच्या जातीनं खांबावर, छतावर चढावं का, असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

त्या कामात तीन गोष्टी कधी विसरू नकोस. ऊन आहे तोवर पॅनेल बंद होत नसतं. बटण खाली केलं तरी तारेत व्होल्टेज असतंच, आणि डीसीचा जाळ एसीसारखा आपणहून तुटत नाही. भार चालू असताना जोडणी कधी ओढायची नाही. दुसरं, अर्थिंग. आपल्याकडे वळवाच्या विजा दर साल माणसं आणि जनावरं नेतात. छतावर लोखंडाचा उंच सांगाडा उभा करून अर्थिंगचे खड्डे वाचवणारा एजंट दिसला तर त्याचं काम मंजूर करू नकोस. तिसरं, गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारांनी उभी पिकं झोडपली होती. पॅनेलची काच २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळीला टिकते अशी चाचणी घेतात. लिंबाएवढी गार त्याहून मोठी असते. म्हणून घराच्या विम्यात पॅनेल लिहून घ्यायचं.

तर मग ३ की ५? माझा कौल २ किलोवॅटला. चार पॅनेलं, दक्षिण तोंड, स्लॅबवर उंच सांगाडा. पंखे बदलल्यावर आपला वापर दीडशे युनिटच्या आसपास येईल, २ किलोवॅट त्याला पुरून उरेल, आणि तिसऱ्या किलोवॅटला अनुदानही कमी. सांगाडा मात्र आणखी दोन पॅनेलं बसतील एवढा करून घेऊ. तुझे मीटरचे आकडे वेगळं काही सांगत असतील तर माझं मत रद्द, आकड्यांचं खरं.

बाबाला म्हणावं, सही करायची घाई करू नको.

तुझा,
आजोबा

ता. क. : वानरांचं कुणी कोटेशनमध्ये लिहिलेलं नाही. गावात टोळी फिरते ती तुला माहीतच आहे. पॅनेलच्या कडेनं जाळी आणि वायरींना लोखंडी पाइप, प्लास्टिकचा नको, असं लिहूनच घे. काच धुवायची ती भल्या सकाळी, थंड असताना. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. दोन बादल्या पुरतात. टँकरच्या दिवसांत तेही जड जाईल, तेव्हा कोरड्या मऊ कापडानं धूळ झटकली तरी चालेल.